शजऱ्यातली सत्तावीस नावं आणि मागावरचा माणूस

चाचांच्या दिवाणखान्यात सोनेरी चौकटीत एक शजरा टांगलेला आहे. शजरा म्हणजे वंशवृक्ष. सगळ्यात वर हजरत अबू अय्यूब अन्सारी (रजि.) यांचं नाव आहे. हिजरतीनंतर प्रेषित मुहम्मद (स.) मदिनेत ज्यांच्या घरी उतरले, ते हे सहाबी. त्यांची कबर आज इस्तंबूलमध्ये आहे. सगळ्यात खाली माझे अब्बा आणि चाचा. मध्ये सुंदर नस्तालिक अक्षरांत एकापाठोपाठ एक पुरुषांची नावं. १९७८ साली बाहेरगावाहून आलेल्या एका शजरा लिहिणाऱ्याकडून चाचांनी तो करून घेतला, पैसे देऊन. लहानपणी मी त्या चौकटीखाली उभा राहून छाती फुगवायचो. आज तिच्याशी माझं भांडण आहे. ते का, हे सांगतो. कारण हे भांडण फक्त आमच्या घरातलं नाही.

यंदा माझी पुतणी बारावी झाली. गुण चांगले आहेत, अभियांत्रिकीला जायचं आहे. तिच्या जातीच्या दाखल्याची पडताळणी अडली आहे. ज्यांनी हा रस्ता तुडवलाय त्यांना माहीत असेल: ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो आणि सोबत प्रतिज्ञापत्रावर वंशावळ. आम्ही शोधाशोध केली. दादांच्या प्राथमिक शाळेच्या जुन्या रजिस्टरात १९२४ सालची नोंद सापडली. जात मोमीन, वडिलांचा धंदा विणकाम. अब्बांच्या दाखल्यावर मात्र नुसतं 'मुसलमान' आहे आणि चाचांच्या दाखल्यावर 'शेख'. एकाच घरात तीन नोंदी! ही तफावत कशी झाली, याचं प्रतिज्ञापत्र घरातले सगळ्यात मोठे म्हणून चाचांनी द्यायचं आहे. चाचा म्हणतात, "मी कागदावर जुलाहा लिहून देणार नाही. आपण मदिनेचे आहोत."

म्हणजे घरात दोन वंशावळी झाल्या. एक भिंतीवर, एक फाइलीत. भिंतीवरची मुलीच्या भविष्याच्या आड आली आहे. पण समजा, दाखल्याचा प्रश्नच नसता, तरी मी भिंतीवरच्या वंशावळीच्या विरोधात उभा राहिलो असतो. कारण तिने आमच्या खऱ्या पूर्वजांना घराबाहेर काढलं आहे.

आधी साधा हिशोब

शजऱ्यात वरून खाली सत्तावीस पिढ्या आहेत. हजरत अबू अय्यूब अन्सारींचा काळ इसवी सनाच्या सातव्या शतकाचा. चाचांचा जन्म १९४८चा. मधली सुमारे तेराशे वर्षं सत्तावीस पिढ्यांत वाटली, तर प्रत्येक पूर्वजाने पन्नाशीच्या आसपास वारस जन्माला घातला असं होतं. सलग सत्तावीस वेळा! आमच्या घराण्यात दादांपर्यंत कुणाचं लग्न विशीपलीकडे गेलेलं नाही.

हे सोडून देऊ. समजा शजरा खरा आहे. तरी तो काय सांगतो? प्रत्येक माणसाला दोन आईबाप, चार आजी-आजोबा, आठ पणजी-पणजोबा. दहा पिढ्या मागे गेलं की पूर्वजांच्या १,०२४ जागा होतात. वीस पिढ्यांमागे दहा लाखांच्या वर. तीस पिढ्यांमागे शंभर कोटींच्या वर, आणि तीस पिढ्या म्हणजे साधारण आठ-साडेआठशे वर्षं. तेव्हा साऱ्या पृथ्वीवरही एवढी माणसं नव्हती. म्हणजे त्याच त्या माणसांनी अनेक जागा भरलेल्या आहेत. आपण सगळे कुठे ना कुठे एकमेकांत गुंतलेलो आहोत. या प्रचंड जाळ्यातून शजरा एकच धागा उचलतो. बापाचा बाप, त्याचा बाप. दहा पिढ्यांमागच्या १,०२४ पैकी एक जागा घेतो आणि १,०२३ फेकून देतो. फेकलेल्यांमध्ये साऱ्या बायका आहेत.

शजऱ्याच्या खालच्या टोकाला आणखी एक गंमत आहे. मालेगावात पहिल्यांदा आलेल्या आमच्या पूर्वजाचं नाव दादा सांगायचे. बुधवारी जन्मला म्हणून ठेवलेलं साधं गावरान नाव. शजऱ्यात त्या जागी तीन शब्दांचं भारदस्त अरबी नाव आहे, पुढे 'शेख' लावलेलं. त्याने आयुष्यभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून कापड विणलं, मुलं जगवली, परक्या मुलखात घर उभं केलं. त्याच्या पणतूच्या मुलाने त्याचं नाव पुसलं. शत्रूनेही याहून वेगळं काय केलं असतं?

मग त्याची खरी जागा कोणती?

दादांनी सांगितलेली गोष्ट अशी. आझमगड जिल्ह्यात, मऊच्या बाजूला आमचं गाव. 'गदर के बाद' घर सुटलं. काही पायी, काही बैलगाडीने, टप्प्याटप्प्याने काम करत लोक निघाले. हजार किलोमीटरहून लांबचा रस्ता. आग्रा रोडवर मोसम नदीच्या काठी, जिथे आधीच चार घरं आपली होती, तिथे माग टाकला. मालेगावातल्या हजारो मोमीन घरांत हीच गोष्ट थोड्याफार फरकाने सांगितली जाते.

लहानपणी मला ही गोष्ट फार छोटी वाटायची. कुठे इस्तंबूलची कबर आणि कुठे मोसमचा काठ! तिच्यात किती मोठं जग मावलेलं आहे, ते नंतर वाचनातून कळलं.

अठराव्या शतकाच्या मध्यात जगात हातांनी आणि यंत्रांनी मिळून जो पक्का माल बनत होता, त्याचा जवळपास चौथा हिस्सा हिंदुस्थानात बनत होता, असा आर्थिक इतिहासकारांचा अंदाज आहे. १९००पर्यंत तो दोन टक्क्यांवर आला. त्या चौथ्या हिश्श्यात मोठा वाटा कापडाचा होता. हे कापड इतकं खपायचं की फ्रान्सने १६८६ साली छापील सुती कापडावर बंदी घातली. इंग्लंडने १७०० साली आयातीवर आणि १७२१ साली वापरावरच बंधनं आणली. मुक्त व्यापाराचे धडे जगाला पुढे शिकवणाऱ्यांनी आधी आमच्या मागाला घाबरून दारं लावली होती.

यात एक काळी बाजूही आहे. तीही आपल्याच इतिहासाची आहे. हिंदुस्थानी कापड युरोपीय जहाजांतून पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जायचं आणि तिथे त्याच्या मोबदल्यात माणसं विकत घेतली जायची. कापड विणणाऱ्याला ते कुठे जातं हे माहीत नसणार. पण त्याच्या घामाचं कापड आणि गुलामाच्या पायातली साखळी एकाच हिशोबवहीत लिहिली गेली. पुढे त्या गुलामांच्या मुलानातवंडांनी अमेरिकेत कापूस वेचला, तो लँकेशायरच्या गिरण्यांत गेला आणि तिथलं स्वस्त सूत नि कापड येऊन आझमगडच्या मागावर आदळलं. पूर्वजांना जगाच्या इतिहासात ठेवायचं म्हणजे हे सारं स्वीकारायचं. नुसता गौरव पाहिजे असेल तर शजराच बरा.

कार्टराइटने यंत्रमागाचं पेटंट १७८५ साली घेतलं. १८१३ साली ईस्ट इंडिया कंपनीची हिंदुस्थानच्या व्यापारातली मक्तेदारी संपली आणि विलायती कापडाला रान मोकळं झालं. आणि हा मार फक्त आम्हीच खाल्ला, असंही नाही. १८२०च्या दशकात खुद्द ब्रिटनमध्ये सुमारे अडीच लाख हातमाग विणकर होते. १८६०च्या दशकात काही हजार उरले. १८१९ साली मँचेस्टरच्या पीटर्लू मैदानात घोडेस्वारांनी ज्या जमावावर तलवारी चालवल्या, त्यात कितीतरी विणकर होते. १८४४ साली सायलेशियातल्या विणकरांनी उठाव केला, तो प्रशियाच्या फौजेने मोडला. माझ्या बुधवारी जन्मलेल्या पूर्वजाचे खरे भाऊबंद हे होते. धर्म वेगळा, भाषा वेगळी, उपासमार तीच.

त्या सायलेशियातली एक गोष्ट चाचांना सांगायची आहे. गेरहार्ट हाउप्टमान नावाच्या जर्मन नाटककाराने १८९२ साली त्या उठावावर 'विणकर' नावाचं नाटक लिहिलं. ते त्याने आपल्या वडिलांना अर्पण केलं आणि अर्पणपत्रिकेत सांगितलं, की तुम्ही मला आजोबांची गोष्ट सांगायचात, तेही तरुणपणी असेच गरीब विणकर होते. १९१२ साली त्याला नोबेल मिळालं. आजोबा मागावर बसायचे हे लिहून दिल्याने त्याची इज्जत गेली नाही.

आता १८५७. त्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात एका मुघल शहजाद्याच्या वतीने एक जाहीरनामा निघाला. इतिहासात तो 'आझमगड जाहीरनामा' म्हणून ओळखला जातो. त्यात जमीनदार, व्यापारी, नोकरदार, पंडित-फकीर यांच्याबरोबर कारागिरांचंही वेगळं कलम आहे. इंग्रजांनी विलायती माल आणून विणकर, पिंजारी, सुतार, लोहार, मोची यांचं काम हिरावलं, अशी तक्रार त्यात आहे. आमच्या घरात 'गदर के बाद' एवढेच तीन शब्द उरले होते. त्यांच्या मागचं कारण असं त्याच काळातल्या कागदावर लिहिलेलं सापडतं. पण त्याच कलमातला वायदाही वाचा. बादशाही आली की या कारागिरांना राजे, नवाब आणि श्रीमंतांच्या चाकरीत काम मिळेल. बंडवाल्यांच्या स्वप्नातही विणकर चाकरच होता!

गदर मोडला. पाठोपाठ १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस बंद झाला आणि मुंबईत कापसाचे भाव कितीतरी पटींनी चढले. खानदेश-वऱ्हाडचा कापूस जहाजांनी लिव्हरपूलला गेला. मुंबईत सट्टेबाज कोट्यधीश झाले आणि १८६५ साली युद्ध संपताच बुडाले. शाळेत आपण एवढंच शिकतो. ज्याला तोच कापूस, तेच सूत विकत घेऊन विणायचं होतं, त्याचं काय झालं? सूत महागलं, कापडाला भाव नाही. घर सोडण्याचं कारण एकट्या गदराने पुरवलेलं नाही. त्यात व्हर्जिनियातल्या तोफांचाही वाटा असणार.

मालेगावच का? हमरस्ता होता, आसपासच्या बायकांना नऊवारी लुगडी लागत होती आणि लुगड्याचे काठ अजून लँकेशायरला नीट जमत नव्हते. मुंबईच्या गिरण्यांचं सूत मिळू लागलं होतं. १८७० साली मुंबई-जबलपूर-अलाहाबाद रेल्वे जोडली गेली. मागून आलेले नातेवाईक मनमाडला उतरू लागले. म्हणजे आमचे आजे-पणजे नऊवारी विणत होते! कसमादे पट्ट्यातल्या शेतकरी बायका ते नेसून लग्नांत मिरवल्या. महाराष्ट्राच्या संस्कृतीत आमचं काय योगदान, असं विचारणाऱ्याने आपल्या पणजीची पेटी उघडून बघावी.

नानीची कमान

आता त्या शजऱ्यात नसलेल्या बाईकडे येतो. माझी नानी बागलाणातल्या एका खेड्यातली. घर पिंजाऱ्याचं. तिला उर्दू जेमतेम यायची. ती अहिराणीत बोलायची, अहिराणीत रागवायची आणि दुवाही अहिराणीतच मागायची. आज मी मराठीत लिहितो ते तिच्यामुळे. चाचांच्या शजऱ्याच्या हिशोबाने ही बाई माझी कुणीच नाही.

तिच्या बापाकडे कापूस पिंजायची कमान होती. खांद्यावर टाकून तो गावोगाव फिरायचा. कमानीच्या तातेचा आवाज ऐकून बायका गाद्या-उशा बाहेर काढायच्या. खानदेशात सरकी काढायचे आणि गठाणी बांधायचे कारखाने आले, तसा त्याचा धंदा आकसत गेला. आझमगडच्या जाहीरनाम्यात विणकराच्या शेजारी पिंजारी आहे. माझे वडिलांकडचे आणि आईकडचे पूर्वज लग्नाने जोडले जाण्याच्या कितीतरी आधी एका ओळीत बसलेले होते.

नानी 'मानमोडीचं साल' म्हणायची. तिच्या आईची तीन मुलं त्या साली आठवड्याभरात गेली. पुढे मी वाचलं: १९१८ साली पहिल्या महायुद्धाहून परतणाऱ्या सैनिकांच्या जहाजांबरोबर तो ताप मुंबईत उतरला आणि रेल्वेच्या रुळांवरून गावागावांत गेला. एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांहून जास्त माणसं मेली. नानीच्या आईला मेसोपोटेमिया कुठे आहे हे माहीत नव्हतं. पण त्या युद्धाने तिच्या अंगणात तीन कबरी खोदल्या. कोणत्या शजऱ्यात आहे हे? आणि प्रतिज्ञापत्रावरच्या वंशावळीत तरी कुठे आहे? तिथेही बापाचीच बाजू मोजली जाते. भिंत आणि फाइल, दोघांचंही याबाबतीत एकमत आहे.

"आम्ही राज्य केलं" आणि "तुम्ही बाहेरचे"

शजऱ्याच्या मागे एक वाक्य लपलेलं असतं: 'हमने आठ सौ साल हुकूमत की.' मोहल्ल्याच्या कट्ट्यावर, जलशात, मोबाइलवर हे वाक्य फिरत असतं. माझा प्रश्न साधा आहे. 'हम' म्हणजे कोण? चौदाव्या शतकातला दिल्ली दरबाराचा नामवंत इतिहासकार झियाउद्दीन बरनी 'फतावा-ए-जहांदारी'त सुलतानांना सल्ला देतो, की हलक्या कुळातल्यांना लिहायला-वाचायला शिकवू नये. ज्यांच्या राज्याचा आपण अभिमान धरतो, त्यांच्या दरबारी विचारवंताने आपल्या पूर्वजांसाठी हा हुकूम मागितला होता. माझ्या पुतणीने अभियांत्रिकीला जाणं म्हणजे बरनीला दिलेलं उत्तर आहे. आणि आम्ही बरनीच्या बाजूने उभं राहून तिची फाइल अडवायची?

दुसऱ्या बाजूचं वाक्य तुम्हाला पाठ आहे. 'तुम्ही बाहेरून आलात', 'बाबराची औलाद', आणि त्याचंच गोड रूप: 'तुमचे पूर्वज हिंदूच होते, तलवारीने बाटवले, परत या.' माझ्या शाळेतल्या मित्रांच्या व्हॉट्सअॅप गटात मला हे तिन्ही प्रकार एकाच आठवड्यात ऐकवले गेले. एकाच वेळी मी बाबराचा नातूही आणि बाबराच्या तलवारीचा बळीही!

त्यांना मी सांगितलं: होय, आम्ही बाहेरून आलो. आझमगडहून. आणि या दोन्ही बाजूंना एकच गोष्ट कळत नाही. आमच्या पूर्वजांच्या आयुष्यात धर्म ही एकच घटना घडली, असं ते दोघे समजतात. एकाला ते अरबस्तानातून आलेले हवेत, दुसऱ्याला बाटवलेले. मागावर बसलेला, सुताचा भाव विचारणारा, पोर गेली म्हणून रडणारा, रस्ता धरणारा माणूस कुणालाच नको. चाचांचा शजरा तर त्या दुसऱ्या बाजूच्या फार उपयोगाचा आहे. 'बघा, हे स्वतःच सांगतात आम्ही परके आहोत म्हणून.' आपण आपल्या हातांनी सही करून, चौकटीत घालून त्यांना पुरावा दिला आहे.

इंग्रजांनीही जुलाह्याला माणूस मानलं नाही. एकोणिसाव्या शतकातल्या त्यांच्या अहवालांत आणि जातींच्या वर्णनांत 'धर्मवेडा जुलाहा' हा ठरलेला शिक्का आहे. ज्ञानेंद्र पांडे या इतिहासकाराने तो शिक्का कसा तयार झाला हे तपासलं. धंदा बुडालेला, सावकाराच्या विळख्यातला, इज्जतीसाठी झगडणारा समाज त्यामागे होता. त्यांनी मुबारकपूरच्या अब्दुल मजीद नावाच्या विणकराने लिहून ठेवलेल्या नोंदींचाही आधार घेतला आहे. विणकराची वही इतिहासाचं साधन होऊ शकते, हे मला तिथे पहिल्यांदा दिसलं.

आणि हा माणूस नुसता सोसणारा नव्हता. १९२१ साली, तुर्कस्तानच्या खिलाफतीच्या प्रश्नावर देश पेटलेला असताना, मालेगावचे विणकर रस्त्यावर आले. एप्रिलमध्ये जमावाने एका पोलीस अधिकाऱ्याला ठार केलं. त्याचं समर्थन मी करणार नाही. पुढच्या वर्षी मालेगावच्या माणसांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं गेलं. त्यांचं स्मारक शहरात आहे. १९४० साली मुस्लिम लीगने पाकिस्तानचा ठराव केला, तेव्हा विणकरांच्या मोमीन कॉन्फरन्सने त्याला विरोध केला. १९४६च्या निवडणुकीत मताचा हक्क मालमत्ता, कर आणि शिक्षणावर ठरत होता. बहुतेक विणकरांना मतच नव्हतं. तरी फाळणीचा हिशोब आजही त्यांच्याच नातवंडांकडे मागितला जातो. उत्तर द्यायला आपल्या हातात शजरा नाही, हा इतिहास असायला हवा.

चाचांची बाजू

चाचांवर अन्याय करायचा नाही. 'जुलाहा' हा शब्द त्यांनी शिवी म्हणून ऐकला आहे. मूर्ख जुलाह्याचे विनोद त्यांनी सहन केले आहेत. तथाकथित खानदानी घरातून त्यांच्या बहिणीचं स्थळ परत आलं होतं, हे मला माहीत आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या समाजाने 'मोमीन', 'अन्सारी' ही नावं अभिमानाने घेतली, ती याच अपमानाविरुद्ध. ती चळवळ होती. तिच्याबद्दल मला आदर आहे. 'अन्सार' म्हणजे मदत करणारे. मदिनेतले अन्सार स्वतः खजुराच्या बागांत राबणारे लोक होते. त्यांचं नाव घेणं म्हणजे त्यांचा आदर्श घेणं. त्यांचं रक्त आपल्यात आहे असा खोटा कागद करणं ही वेगळी गोष्ट. पहिल्याने मान वर होते. दुसऱ्याने, ज्यांनी आपल्याला हिणवलं त्यांचीच फूटपट्टी आपण कबूल करतो.

चाचा आणखी एक मुद्दा मांडतात: इस्लाममध्ये जात नाही. बरोबर. सूरह हुजुरातच्या तेराव्या आयतीचा आशय स्पष्ट आहे: कुळं आणि कबिले एकमेकांना ओळखण्यासाठी आहेत, श्रेष्ठत्व फक्त परहेजगारीत आहे. अखेरच्या हजच्या खुतब्यातही अरबाला बिगरअरबावर श्रेष्ठत्व नाकारलं आहे. मग चाचा, इस्लाममध्ये जात नाही तर भिंतीवर शजरा कशाला? अरबी रक्ताचा अभिमान चालतो आणि मोमीन विणकर लिहिलं की दीन धोक्यात येतो, हे कसं? कागदावर जात लिहिणं म्हणजे जात मानणं नाही. शंभर-दीडशे वर्षं ज्या नावाने मागे ठेवलं, त्याची भरपाई मागायला ते नाव सांगावं लागतं.

आता काय करायचं?

वाचणाऱ्यांनाही सांगणं आहे. तुमच्या घरात शजरा असेल तर असू द्या. पण त्याशेजारी एक वही ठेवा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईजवळ बसा, आधी तिच्याजवळ, मग पुरुषांजवळ. कोणतं गाव, कोणता धंदा, कोणत्या साली निघालो, कशाने कोण गेलं, कर्ज कुणाचं होतं, हे विचारा. ती साल सांगणार नाही. 'मानमोडी', 'गदर', 'गिरणीचा संप' असं काहीतरी सांगेल. मग ते साल शोधा. १८ जानेवारी १९८२ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिरण्यांचं काम भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांकडे वळलं. आमच्या घरात दुसरी पाळी त्या वर्षी सुरू झाली आणि अब्बांचे कान त्या आवाजाने गेले. हेही त्या वहीत यायला हवं. कोकणातल्या घरांत जहाजावरचा खलाशी निघेल, कुठे तांबोळी, कुठे मणियार, कुठे सैनिक. शाळेचं रजिस्टर, जन्म-मृत्यूची नोंद, मोडीतला कागद, जे मिळेल त्याच्या नकला काढून घ्या. दाखल्यासाठी लागतीलच, पण दाखला लागत नसेल त्यांनीही काढा.

चाचा, तुम्ही हे वाचाल हे मला माहीत आहे. कुणीतरी मोबाइलवर वाचून दाखवेलच. शजरा काढा असं मी म्हणत नाही. दादांच्या १९२४च्या नोंदीची नकल मी मोठी करून आणली आहे. तिच्यावर त्यांच्या वडिलांचं नाव आहे आणि पुढे धंदा: विणकाम. ती शजऱ्याशेजारी लावू या. प्रतिज्ञापत्र तयार आहे, सोमवारी दहा वाजता कचेरी उघडते. मी रिक्षा घेऊन येतो. तुम्ही फक्त सही करा.